दोघांनी द्यायची गोळी

अहो, परवा सकाळी ठकूच्या शेपटाखाली पुन्हा शितं दिसली. तुमच्या खुर्चीतल्या उशीवर पडलेली, आणि एक तिच्या मागच्या पायाच्या केसांना चिकटलेलं. मी हातातला झाडू खाली ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "अहो, ठकूची गोळी राहिली बघा." म्हणून झाल्यावर आठवलं. तेरावं होऊन गेलं, आलेली माणसं आपापल्या घरी गेली, तुमचा चष्मा मी स्वतःच्या हातानं कपाटात ठेवला, तरी तोंडाची सवय जात नाही. मग मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. सगळ्यांसमोर रडले नव्हते इतकी रडले.

नवऱ्याच्या आठवणीनं रडायला इतर बायकांना एखादा फोटो पुरतो. मला मांजराचे जंत लागले. तुम्ही असतात तर यावर आठवडाभर पुरेल असं काहीतरी बोलला असतात.

आपण त्यांना अजून शितं म्हणतो, कारण सुरुवातीला ती शितंच आहेत अशी आपली दोघांचीही खात्री होती. ठकूला सकाळ-संध्याकाळ दूधभात. मऊ, कोमट, आणि कालवणार तुम्हीच. मी कालवलेला तिला चालत नाही असं तुमचं म्हणणं. त्यामुळे उशीवर भाताचा दाणा सापडला की तुमचं वाक्य ठरलेलं होतं. "भात जरा नीट शिजवत जा, तिच्या अंगाला चिकटतो." मी म्हणायची, "कालवणारे हात कुणाचे?" मग तुम्ही तांदूळ बदललात. आंबेमोहोर चिकट म्हणून बंद केलात आणि मार्केट यार्डातून कोलम आणलात. माझ्यासाठी, पोटच्या मुग्धासाठी, घरात आलेल्या कुठल्याही पाहुण्यासाठी कधी तांदूळ बदलला नव्हता. तरी उशीवर दाणे होतेच. आपण महिनाभर शिजवण्यावरून आणि भिजवण्यावरून भांडत होतो, आणि ठकू बिचारी मधे बसून अंग चाटत होती.

मग एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत त्यातलं एक शीत चाललं. मी ओरडले. तुम्ही पेपर वाचायचं भिंग घेऊन आलात आणि उशीवर वाकलात. नंतर श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन आणलात, ते हलणारं शीत कागदाच्या टोकावर उचलून त्यात ठेवलंत आणि पायात चपला सरकवल्यात.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई आपल्या मुग्धाहून लहान. त्यांनी डबा उघडला आणि हसू दाबलं. "काका, हा भात नाही. मांजरीच्या आतड्यात लांब पट्टीसारखा जंत असतो, त्याचे हे तुटून पडलेले तुकडे. यात त्याची अंडी असतात."

"आमच्या घरात हे कुठून येणार?" तुम्ही विचारलंत, जसं काही त्या जंतानं आत येताना बेल वाजवायला हवी होती.

"दोन वाटा आहेत. अंग चाटताना पिसवा गिळल्या असतील, नाहीतर उंदीर खाल्ला असेल."

"पिसवा," तुम्ही लगेच म्हणालात.

"उंदीरही असू शकतो, काका."

"आमच्याकडे ती शाकाहारी आहे."

"काका, ती मांजर आहे."

"असेल," तुम्ही म्हणालात.

पिसवा की उंदीर, हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. दर तीन महिन्यांनी गोळीची वेळ आली की तो पुन्हा सुरू व्हायचा. मी म्हणायची, गॅलरीतून उडी मारून ती रात्रभर काय भजनाला जाते? तुम्ही म्हणायचात, फिरायला जाते. मला या वादाची एवढी हौस का होती, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. ते आता सांगते. मी ठकूच्या बाजूनं भांडत होते. ती चोरून उंदीर खात असेल, तर मला तिचं बरं वाटत होतं. या घरात दूधभातावर आणलेल्या आम्ही दोघी होतो, अहो.

तुमची नागपूरला बदली झाली नसती तर आपली गाठ पडली नसती. कचेरीतल्या मधल्या सुट्टीत माझा डबा उघडला की तुम्ही खिडकीजवळ जाऊन बसायचात. मला वाटायचं, हा माणूस किती लाजाळू. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा कळलं की ते लाजणं नव्हतं. पण खरं बोलायचं तर तुम्ही मला कधी "सोड" म्हणाला नाहीत. सासूबाईही म्हणाल्या नाहीत. घरात मटण-मासळी येत नव्हती, एवढंच. माहेरी गेले की आई मला मटण करून घालायची, सुके बोंबील भाजून द्यायची, आणि म्हणायची, "खाऊन घे वो बाई, तिकडं कुठं भेटते तुले." आई गेली आणि तेही संपलं. तुम्ही कधी "सोड" म्हणाला नाहीत, आणि कधी "खा" असंही म्हणाला नाहीत. मीही काही बोलले नाही. मला वाटलं होतं, एखाद्या दिवशी तुमच्या लक्षात येईल.

लोक भेटायला येतात आणि विचारतात, सगळ्यात जास्त कसली आठवण येते? मी सांगते, सगळ्याचीच येते. खरं उत्तर सांगायची सोय नाही. मला ठकूच्या गोळीच्या सकाळची आठवण येते. रविवार, तुमची अंघोळ झालेली, चहा व्हायचा बाकी. तुम्ही गॅलरीत सतरंजी टाकायचात, जुना पंचा झटकून घ्यायचात आणि अगदी साळसूदपणे हाक मारायचात, "ठकूबाई, जरा इकडे येता का?" ती येत नसे. मग पलंगाखालून तिला काढणं, पंचात गुंडाळणं, नुसतं डोकं बाहेर ठेवून मांडीवर घट्ट धरणं हे काम तुमचं. जबडा उघडून जिभेच्या मुळाशी गोळी टाकणं हे माझं. तुम्ही म्हणायचात, "घाई करू नकोस." मी म्हणायची, "तुम्ही हलू नका." मग तिचं तोंड मिटून तुम्ही एका बोटानं तिचा गळा कुरवाळायचात आणि आपण दोघं तिच्याकडे टक लावून बसायचो. "गिळली का?" "गिळली वाटतं." आणि तेवढ्यात थू करून गोळी माझ्या साडीवर. पुन्हा पहिल्यापासून.

एरवी आपण समोरासमोर बसायचो कुठे? जेवताना टीव्हीकडे तोंड, प्रवासात खिडकीकडे. त्या सतरंजीवर मात्र गुडघ्याला गुडघा लागायचा. तुमच्या भुवईतले पांढरे केस मला तिथे दिसले. एकदा ठकूनं तुमच्या मनगटावर चांगलं ओरबाडलं, मी हळद घेऊन आले, आणि तुम्ही हात पुढे करून लहान मुलासारखे दुसरीकडे बघत बसलात. ते मला इतकं आवडलं होतं. तेव्हा म्हणाले काय, तर, "एवढं काही झालेलं नाही."

तर परवा शितं दिसली आणि मी जमिनीवर बसून रडले ती यासाठी. गोळी द्यायला दोन माणसं लागतात, आणि आता मी एकटी. मुग्धाला बोलवावं तर ती हिंजवडीहून निघून इथे धायरीत पोचेपर्यंत दिवस मावळतो, आणि तिला ठकू जवळही येऊ देत नाही. शेजारणीला हाक मारायची तर तिला शिंका येतात. एकदा मी एकटीनं करून पाहिलं. पंचा घेतला, हाक मारली, तुमच्यासारखीच. ठकू आली. कान टवकारून दाराकडे बघत बसली, आणि मग माझ्याकडे बघून निघून गेली. गोळी माझ्या हातात विरघळून कडू झाली. मी पंचा तसाच घडी करून ठेवला. मला भीती वाटली, अहो. वाटलं, ही पण आता वाळत जाईल, हिचं पोट आत जाईल, आणि मला नुसतं बघत बसावं लागेल. तुमच्या हातची तेवढी एकच तर राहिली आहे माझ्याजवळ.

शनिवारी मुग्धा आली ती तुमच्या स्कूटरचं काय करायचं ते बघायला. खाली गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, डिकीत काहीतरी मेलंय गं!"

मी खाली गेले. डिकीत तुमचा रेनकोट, पान्हा, आणि सगळ्यांत खाली पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी, आणि तिच्यात श्रीखंडाचा डबा. झाकण उघडलं आणि तो वास आला. मी जन्मात विसरणार नाही असा वास. आत सुके बोंबील होते, छान तुकडे करून ठेवलेले. मुग्धा नाक धरून मागे सरली. आणि मी? क्षणभर मला वाटलं, तुम्हीच खात होतात. कुठेतरी लपून, एकटे. आणि शपथेवर सांगते, मला राग नाही आला. मला हसू आलं, आनंद झाला. इतकी वर्षं एका संत माणसाबरोबर राहिले नाही म्हणून बरं वाटलं.

मग डब्याच्या तळाशी गोळ्यांची पट्टी दिसली. ठकूचीच गोळी.

मी तसाच डबा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अहो काकू, तुम्हाला माहीत नव्हतं? काका नेहमी दोघांच्या गोळ्या न्यायचे. घरची मांजर आणि खालचा बोका. तो बोका काही हातात येत नाही, म्हणून मीच सांगितलं, सुका बोंबील भिजवून त्यात गोळी खोचा आणि पुढे टाका. मधे तो फार वाळला होता, तेव्हा रोज विचारायला यायचे, 'जगेल ना?' म्हणून."

खालचा बोका म्हणजे चेअरमन. सोसायटीच्या चेअरमनच्या गाडीवर बसतो म्हणून तुम्हीच ठेवलेलं नाव. ठकूचा सख्खा भाऊ तो. जिन्याखाली दोघं सापडली तेव्हा दोघांचीही पोटं नगाऱ्यासारखी होती आणि तुम्ही खुशीत म्हणाला होतात, "खात्यापित्या घरची दिसतात." तेही जंतच निघाले, आईच्या दुधातून आलेले. मला दोघांनाही वर आणायचं होतं. तुम्ही म्हणालात, "एक. हे घर आहे, पांजरपोळ नाही." त्यावरून मी किती दिवस अबोला धरला होता, आठवतं? अबोला सुटला, पण मनातून मी तुम्हाला माफ केलं नव्हतं. पावसाळ्यात तो खाली ओरडायचा तेव्हा मी मुद्दाम तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणायची, "ऐका, ऐका." तुम्ही पेपरमधून डोकं वर काढत नव्हतात. एकदा तरी सांगायचं होतं ना, अहो. एकदा म्हणायचं, मी बघतोय त्याच्याकडे. तुम्हाला इतकं काय जड जात होतं?

रविवारी सकाळी मी डबा घासला आणि बाजारात गेले. सुकी मासळी घेऊन बसणारी बाई एकच असते तिथे. मी डबा पुढे केला तशी ती माझ्याकडे निरखून बघायला लागली.

"ह्यो डबा तर बाबांचा हाय. बाबा न्हाई आलं?"

मी सांगितलं. तिनं हातातला बोंबील खाली ठेवला. "आरं देवा," म्हणाली. मग डबा भरता भरता म्हणाली, "लई येगळं मानूस. नाकाला रुमाल लावून, त्वांड तिकडं करून हुबं ऱ्हायचं. म्या म्हनायची, बाबा, निवडून तरी घ्या. तर म्हनायचं, तुमीच निवडा, चांगलं द्या. एकदा इचारलं, घरी कोन खातं म्हून. तर म्हनालं, आमच्यात कुनी खात न्हाई."

"मी खाते," मी म्हणाले.

तोंडातून गेलंच. बाजारात, उन्हात, माणसांच्या गर्दीत. ती बाई बघतच राहिली. मी पुन्हा म्हणाले, "म्हणजे, खायची मी. माहेरी."

"मंग घ्या की वो माय," असं म्हणून तिनं वरून मूठभर टाकले.

घरी येईपर्यंत मी रस्त्यात मनातल्या मनात तुमच्याशी कडाकडा भांडले. माझ्या रागाला तुम्ही नागपूरचा उन्हाळा म्हणायचात ना, तो तसाच आला. आमच्यात कुणी खात नाही! मग मी कोण होते, अहो? ज्या माणसाला अंडं घरात आलेलं चालत नव्हतं, तो एका भटक्या बोक्यासाठी नाक दाबून मासळीबाजारात उभा राहिला, "चांगलं द्या" म्हणाला, बोंबील आणला, भिजवला, चिरला. कुठे चिरला? कशानं? आणि घरातल्या बाईला एकदा, नुसतं एकदा, "तुला हवा का गं" म्हणून विचारावंसं वाटलं नाही? स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या मी मोठ्यांदा म्हणाले, "काहून बाप्पा, मले काहून नाही इचारलं कधी?" तुमचा फोटो बाहेरच्या खोलीत. तिथपर्यंत ऐकू गेलं असेल.

तुम्ही मला विसरलात असं मला म्हणायचं नाही. तुमचा जीव बोक्यासाठी तुटत होता तसा माझ्यासाठीही तुटत असणार, हे मला कळतं. पण बोक्याचं पोट तुम्हाला दिसत होतं. माझं गप्प बसणं तुम्हाला सुख वाटलं असेल. मी तरी कुठे बोलले.

मग मी तवा ठेवला. आपल्या घरात, आपल्या शेगडीवर, आपल्या पोळ्यांच्या तव्यावर बोंबील भाजला. खिडक्या उघडल्या नाहीत. भाकरी केली, त्याबरोबर उभ्यानंच खाल्ला. चव तीच होती, आईच्या घरची. खाता खाता डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते आईसाठी होतं की तुमच्यासाठी, की माझ्यासाठीच, मला सांगता येणार नाही.

वासानं ठकू आली. तुमची शाकाहारी ठकू! मांजर असं किंचाळतं हे मला माहीत नव्हतं. ओट्यावर काय चढली, माझ्या पदराला काय लोंबकळली. पिसवा की उंदीर, हा वाद मी त्या क्षणी जिंकले आणि सांगायला समोर कुणी नव्हतं. भिजवलेल्या बोंबलाचा तुकडा मी मधून चिरला, गोळी आत खोचली आणि तिच्यापुढे ठेवला. एका घासात गेला. पंचा नाही, सतरंजी नाही, "घाई करू नकोस" नाही. तिनं मिशा चाटल्या आणि आणखी मागितला. दुसरा तुकडा घेऊन मी खाली गेले. चेअरमन गाडीवरून उतरला, माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघत राहिला, बराच वेळ. मग त्यानंही खाल्लं.

वर येऊन मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, दोघांचीही गोळी झाली, आणि ठकूची तर अशी पटकन झाली की माझा विश्वास बसत नाही.

त्या म्हणाल्या, "काकू, मी काकांना केव्हाच सांगितलं होतं, घरच्या मांजरीलाही असंच द्या, इतकी मारामारी करायची गरज नाही. घरात मासळी चालत नसेल तर खाली नेऊन द्या."

"मग? काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, 'ते कळलंय मला. पण मग आम्ही दोघांनी काय करायचं?'"

फोन ठेवला आणि मी गॅलरीत जाऊन सतरंजी टाकली. उगीच. माझ्या बाजूला बसले, तुमची बाजू मोकळी सोडून. ठकू आली आणि पोट भरल्यासारखी तुमच्या जागेवर पसरली. मी एका बोटानं तिचा गळा कुरवाळला, तुम्ही कुरवाळायचात तसा. गोळी केव्हाच पोटात गेली होती, तरी.

अहो, आपण दोघांनी काय करायचं याची तुम्ही एवढी काळजी केलीत. मी एकटीनं काय करायचं, तेही कुणाजवळ तरी सांगून ठेवायचं होतं.